काचेच्या दुकानात ‘नको’ म्हणणे



मंडईत भाजी घेताना तुम्हांला कोणी सहज फसवू शकेल काय? आम्हांला तसे वाटत नाही. मेथीची जुडी वीस रुपयांना सांगितली तर तुम्ही पंधराला मागता. पाने उलटून पाहता. जमले नाही तर पिशवी उचलता आणि पुढच्या पाटीकडे जाता. भाजीवाली मागून हाक मारते, “या हो ताई, घ्या पंधराला!” पुण्याच्या तुळशीबागेत तर टिकल्या, पिना, बांगड्या यांचा भाव बायका असा करतात की दुकानदाराने हात जोडावेत.

पण तीच बाई काचेचे दार ढकलून मोठ्या दुकानात गेली की तिचे काय होते बघा. आत गार हवा. लख्ख दिवे. जिकडे तिकडे आरसे. एकसारख्या पोषाखातल्या, नीटनेटक्या मुली. बाई आपली चप्पल बघते, आपले लुगडे सारखे करते, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटते. दहा रुपयांसाठी मंडईत भांडणारी बाई इथे हजार रुपये मुकाट्याने मोजून देते.

बायकांना कशाला हसायचे? आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत काढली. चाळीस पोरांचा वर्ग आमच्या नुसत्या नजरेने गप्प बसे. एकदा घरच्या मंडळींसाठी पावडरचा डबा आणायला आम्ही अशाच एका दुकानात शिरलो. एका मुलीने “या सर, बसा सर” म्हणून खुर्ची दिली. पाणी दिले. मग एकेक डबी उघडून दाखवू लागली. “हे मॅडमना आवडेलच सर. हे नाही नेलंत तर मॅडम रागावतील.” ज्या तोंडाने आम्ही छत्तीस वर्षे पोरांना गप्प बसवले, त्या तोंडातून ‘नको’ हे दोन अक्षरी उत्तर निघेना. आम्ही एका डब्यासाठी गेलो होतो, चार डब्या घेऊन घरी आलो. त्यांतली एक अजून कपाटात आहे. तिची मुदत केव्हाच संपली. आम्ही ती टाकली नाही. धडा म्हणून ठेवली आहे.

एका आईची हकीकत

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत. शिवणकाम करतात. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मायलेकी तालुक्याच्या गावी मेकअपचे सामान आणायला गेल्या. पाकिटात 3,000 रुपये होते. त्यांतले 800 सामानासाठी, 200 वाटखर्चासाठी आणि 2,000 बचत गटाच्या हप्त्यासाठी. घ्यायच्या होत्या तीनच वस्तू. लिपस्टिक 299 रुपये, काजळ 175 रुपये आणि पावडर 180 रुपये. बेरीज 654.

वस्तू निवडून झाल्या. तेवढ्यात दुकानातली मुलगी म्हणाली, “मावशी, रागावू नका हं, पण ताईंचा रंग जरा दबलेला आहे. नुसत्या पावडरीने फोटोत चेहरा उठणार नाही.” असे म्हणून तिने मुलीला उंच खुर्चीवर बसवले. समोर आरसा, आरशाभोवती दिवे. गालाच्या एका बाजूला काहीतरी लावले आणि म्हणाली, “आता बघा फरक!”

मुलीने आरशात पाहिले आणि मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेने आईचे पाकीट उघडले. 649 रुपयांचे फाउंडेशन, 899 रुपयांचे उजळ करणारे क्रीम, 499 रुपयांचा आणखी एक संच. एकूण 2,701 रुपये झाले. पाकिटात 299 उरले. बचत गटाचा हप्ता चुकला. तो भरायला शेजारणीकडून व्याजाने पैसे काढावे लागले.

पैशांचे नुकसान झाले ते झाले. बाई आम्हांला म्हणाल्या, “गुरुजी, पैसे मी फेडीन. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पोरीनं विचारलं, ‘आई, मी इतकी वाईट दिसते का गं?’ त्याचं मी काय करू?”

हा पाठ आम्ही त्या प्रश्नासाठी लिहीत आहोत.

जीभ का अडते?

तीन गोष्टींमुळे अडते. त्या ओळखल्या की निम्मे काम झाले.

पहिली गोष्ट लाज. आधी तुमच्या चेहऱ्यात खोड काढायची, मग तिच्यावर औषध विकायचे, ही विक्रीची जुनी रीत आहे. “डाग दिसताहेत”, “डोळ्यांखाली काळं झालंय”, “वय दिसायला लागलंय” ही वाक्ये ऐकली की समजावे, आता डबी पुढे येणार. हे बोलणे तुमच्या तोंडाबद्दल नसते. ते दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेले असते.

दुसरी गोष्ट मिंधेपणा. कोणी आपल्याला पाणी दिले, खुर्ची दिली, दहा मिनिटे खपून तोंड रंगवून दिले, की आपल्याला वाटते, आता काहीच न घेता उठायचे कसे? आपली रीतच अशी की कोणाचे फुकट घेऊ नये. रीत चांगली आहे. पण माल लावून दाखवणे हे दुकानाचे काम आहे, तुमच्यावर उपकार नव्हे. कापडवाला वीस साड्या उलगडून दाखवतो आणि आपण एकही न घेता उठतो, तेव्हा आपण त्याचे देणेकरी होतो काय? तसेच हे.

तिसरी गोष्ट घाई. “आज शेवटचा दिवस आहे.” “हा रंग एकच उरलाय.” “दोन घ्या, तिसरी फुकट.” घाईत माणसाला हिशोब सुचत नाही. म्हणून आपण इथे सावकाश हिशोब करू. एक लिपस्टिक 299 रुपये. दोन घेतल्या तर 598, आणि तिसरी फुकट. मुलगी म्हणते, “तुमचे 299 वाचले.” खरे काय झाले? आपल्याला एकच हवी होती. 299 द्यायचे होते, 598 दिले. पाकिटातून 299 जास्त गेले. ज्या वस्तूची गरज नाही, ती स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

ती मुलगी कोण?

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती मुलगी आपली वैरीण नव्हे. पुष्कळ ठिकाणी ती दुकानाची नोकर नसून त्या मालाच्या कंपनीने तिथे उभी केलेली असते. महिन्याला अमुक एवढा माल खपवला पाहिजे असे तिला बांधून दिलेले असते. त्याला ‘टार्गेट’ म्हणतात. खपाप्रमाणे वर थोडे कमिशन मिळते. खप झाला नाही तर बोलणी बसतात. तिला बोलायची वाक्येही शिकवून पाठवलेली असतात.

शिवाय दिवसभर उभे राहायचे. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळावे यासाठी केरळ राज्याला 2018 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तमिळनाडूने तशी दुरुस्ती 2021 साली केली. साध्या बसण्यासाठी कायदा करावा लागतो, यावरून त्या पायांची कल्पना करा.

म्हणून तिच्यावर ओरडू नये, तिचा अपमान करू नये. पण दया आली म्हणून नको असलेली डबीही घेऊ नये. तिचे पोट कंपनीने भरावे. बचत गटाच्या हप्त्याने भरायचे नसते.

रंगाविषयी दोन शब्द

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त असले की रंग सावळा, कमी असले की गोरा. हे द्रव्य उन्हापासून कातडीचे रक्षण करते. सावळेपणा हा रोग नाही, त्याला औषध लागत नाही. गोरेपणाच्या नावावर खपणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या कंपनीनेही 2020 साली क्रीमच्या नावातून ‘गोरे’ या अर्थाचा शब्द काढून टाकला. आणि आपला पंढरपूरचा विठोबा? तो सावळाच. लाखो माणसे दरवर्षी त्याच्यासाठी पायी चालत जातात. त्याला कोणी क्रीम सुचवीत नाही.

इथे धोक्याची एक सूचना देतो. “आठ दिवसांत गोरी” असे सांगून काही क्रीमे विकली जातात. काहींवर बनवणाऱ्याचे नाव नसते, पत्ता नसतो. अशा क्रीमांत पारा सापडलेला आहे. पारा कातडीवाटे शरीरात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमे वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे 2023 साली डॉक्टरांच्या लक्षात आले. आपल्या देशाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तोंडाला लावायच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आला तरी तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये.

काही मलमांत स्टेरॉइड असते. ते लावल्यावर चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येते. अशी 14 मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे केंद्र सरकारने 2018 साली ठरवले. दुकानातल्या मुलीचा सल्ला म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे, हे ध्यानात धरा.

दुकानात जाण्यापूर्वी

घरी बसून यादी लिहा. आता तुम्हांला लिहिता येते, त्याचा उपयोग करा. वस्तूपुढे अंदाजे किंमत मांडा, खाली बेरीज करा. तेवढेच पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. हप्त्याचे, फीचे, औषधाचे पैसे दुकानात नेऊच नका. फोनवरून पैसे देत असाल तर यादीतला बेरजेचा आकडा पाहूनच द्या.

शक्य तर बरोबर कोणी तरी घ्या. मात्र “घे गं, एकदाच तर आहे” म्हणणारी मैत्रीण नको. “यादीत आहे का?” असे विचारणारी हवी.

दुकानात गेल्यावर

पुढील वाक्ये मोठ्याने वाचा. घरी आरशासमोर दहा वेळा म्हणा. हसू येईल, येऊ द्या. तोंडाला सवय झाली पाहिजे.

“ताई, आम्ही आधी पाहतो. लागलं तर बोलावू.”

“मला फक्त काजळ दाखवा.”

“तोंडाला काही लावू नका. हातावर लावून दाखवा.”

“नको. आज एवढंच.”

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. त्यात कारण नाही, हे पाहिलेत काय? कारण देऊ नका. “पैसे कमी आहेत” म्हणालात तर ती स्वस्त डबी काढील. “घरी आहे” म्हणालात तर “ती जुनी झाली असेल” म्हणेल. “यांना विचारते” म्हणालात तर “फोन लावा ना” म्हणेल. प्रत्येक कारणाला तिच्याजवळ उत्तर आहे. नुसत्या ‘नको’ला उत्तर नाही. एकदा हसून म्हणा, दुसऱ्यांदा तेच म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना पाय दाराकडे वळवा.

आणि मुलीच्या रंगावर, वयावर कोणी बोलले, तर तिथल्या तिथे सांगा, “आम्ही वस्तू घ्यायला आलो आहोत. तिच्या रंगाचं आम्ही विचारलेलं नाही.” हे शांतपणे सांगा, पण मुलीला ऐकू जाईल असे सांगा. तिने ते ऐकणे जास्त गरजेचे आहे.

रंग पाहायचा तर दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानातल्या दिव्यांत खरा रंग कळत नाही. नमुन्याची लिपस्टिक ओठाला लावू नका, नमुन्याचे काजळ डोळ्यांत घालू नका. अनेकांनी वापरलेल्या वस्तूतून ओठांचे आणि डोळ्यांचे रोग लागू शकतात. हाताच्या पाठीवर एक रेघ ओढली की पुरे. नवी वस्तू घरी आणल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज सुटली किंवा लाली आली तर तोंडाला लावू नये. म्हणून लग्नाच्या सामानाची खरेदी आदल्या दिवशी करू नये.

डबी वाचा

पैसे देण्यापूर्वी डबी उलटी करून या गोष्टी पाहा.

1. किंमत. छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. तिच्यावर आणखी कर मागता येत नाही. त्यापेक्षा कमी किमतीला दुकानदार विकू शकतो, जास्त किमतीला नाही.

2. वापरण्याची मुदत. सवलतीत मिळणाऱ्या वस्तूंची मुदत पुष्कळदा जवळ आलेली असते. म्हणून तिथे ही तारीख आधी पाहा.

3. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक. माल परदेशी असेल तर तो इथे आणणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक.

4. बॅच क्रमांक आणि वजन.

हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. त्याला भिऊ नका. आकडे तुम्हांला येतातच. किंमत आणि मुदत यांची इंग्रजी अक्षरे तुमच्या गुरुजींकडून फळ्यावर लिहून घ्या आणि वहीत उतरवा. अक्षरे बारीक असतील तर दुकानातल्या मुलीलाच वाचायला सांगा. तुम्ही मुदत विचारता हे पाहिले की तिचे बोलणे आपोआप कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 साली झाला. त्याच्या जागी आता 2019 चा कायदा आहे. तो 2020 च्या जुलै महिन्यापासून लागू झाला. मालाविषयी खरी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, तो परत घेऊन पैसे न देणे हीही अनुचित प्रथा आहे. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी लावून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

मात्र हेही नीट समजून घ्या. माल चांगला आहे, पण घरी आल्यावर आपले मन बदलले, तर तो परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नाही. त्याने घेतला तर तो त्याचा चांगुलपणा. म्हणून ‘नको’ म्हणायची खरी वेळ पैसे देण्यापूर्वीची असते.

बिल करताना मोबाईलचा नंबर मागतात. तो देण्याची सक्ती दुकानदाराने करू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 2023 साली कळवले आहे. “नंबर देत नाही, बिल द्या” एवढे सांगावे.

फसवणूक झाली तर 1915 या नंबरावर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मालाची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही. मात्र बिल जपून ठेवलेले पाहिजे.

पुढे काय झाले?

त्या बाई नंतर मुलीच्या लग्नाच्या सामानासाठी पुन्हा त्याच दुकानात गेल्या. या वेळी हातात यादी होती. यादी मुलीनेच लिहिली होती. तीच सेल्सगर्ल पुढे आली. तिने पुन्हा खुर्ची ओढली, पुन्हा रंगाचा विषय काढला. बाई म्हणाल्या, “बाळ, माझ्या लेकीचा रंग मला ठाऊक आहे. तो माझाच आहे. तू यादी वाच.”

ती मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग यादीतल्या वस्तू एकेक करून काढून दिल्या. बाईंनी प्रत्येक डबीची मुदत वाचली. एक परत केली, दुसरी मागितली. बिल 640 रुपये झाले. पिशवीत सामान भरताना ती मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, मनावर घेऊ नका. आम्हांला असं बोलावंच लागतं.”

बाई म्हणाल्या, “ठाऊक आहे गं. जेवलीस का?”

घरी येताना एस. टी. त मुलगी खिडकीशी बसली होती. काचेत आपला चेहरा पाहत होती आणि या वेळी तिची मान खाली नव्हती. हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला. आम्ही त्या दिवशी वर्गात पुढचा पाठ घेतला नाही. सर्वांना आपापली यादी लिहायला लावली.

प्रश्न

1. मंडईत भाव करणारी बाई काचेच्या दुकानात का गप्प होते?

2. 654 रुपयांची खरेदी झाली आहे. 999 रुपयांच्या खरेदीवर 200 रुपयांची पिशवी फुकट आहे. पिशवीसाठी आणखी किती रुपये खर्च करावे लागतील? पिशवी खरोखर फुकट पडली काय?

3. ‘नको’ म्हणताना कारण का देऊ नये?

4. घरातली कोणतीही एक डबी घ्या. तिच्यावरची किंमत, मुदत आणि बनवणाऱ्याचे नाव वहीत लिहून आणा. मुदत संपलेली असेल तर लाजू नका. आमच्या कपाटातही तशी एक आहे.